पाठ टेकली म्हणजे हरलो नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला. शिकवणारे सर पूर्वी जुडो खेळायचे, आता काही वर्षे ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतात. पहिल्या दिवशी शिकणारे कमी आणि बघायला आलेल्या आयाबाया जास्त. सरांनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला चटईवर उताणे झोपायला सांगितले आणि तिच्या थोरल्या भावाला तिच्या पोटावर बसवले. मुलगी ४२ किलोची. भाऊ ८० च्या वर, मार्केटात हमाली करणारा. सर त्याला म्हणाले, "हिला उठू द्यायचं नाही." मुलीने भावाचा एक हात धरला, त्याच बाजूच्या त्याच्या पायाला आपला पाय लावला, कंबर वर उचलली आणि भाऊ धपकन बाजूला कलंडला.

बायका हसल्या. सेंट्रिंगच्या कामावर जाणाऱ्या एक मावशी मोठ्याने म्हणाल्या, "भाऊच तो. बहिणीसाठी पडला."

मावशींची शंका आम्हाला आवडली. डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा तपासून घ्यावे, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. आम्ही सरांना म्हटले, मावशींनाच झोपवा. मावशी आढेवेढे घेत तयार झाल्या. पोटावर कोणाला बसवायचे? त्यांच्यापेक्षा २० किलोने भारी असलेल्या त्यांच्या शेजारणीला. आधी मावशींनी आपल्या मनाने करून पाहिले. दोन्ही हातांनी शेजारणीच्या छातीला रेटा दिला, दात-ओठ खाल्ले, धाप लागली. शेजारीण हलली नाही. मग सरांनी सांगितले तसे केले आणि शेजारीण पडली. मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हे तर एका बाजूची बल्ली काढल्यासारखं झालं."

त्यांनी शाळा चौथीत सोडली आहे. पण स्लॅब कशावर उभा राहतो आणि कशाने कोसळतो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते. या खेळात बळापेक्षा हेच कळणे उपयोगी पडते. सहावी-सातवीच्या विज्ञानात आपली मुले तरफ, टेकू, गुरुत्वमध्य, घर्षण आणि दाब हे शब्द पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. चटईवर हेच शब्द अंगावर येतात.

खेळ कुठून आला ते थोडक्यात सांगतो. जपानचे शिक्षक जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुडो सुरू केला. स्वतः ते बारीक अंगाचे होते. त्यांची पहिली तालीम टोकियोतल्या एइशो-जी या बौद्ध मंदिरात भरायची, जागा बारा चटयांची. आपल्या कित्येक विहारांची सभागृहे त्याहून मोठी आहेत. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचले आणि पुढे बेलें शहरात राहिले. तिथे त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसकडे गेली आणि कार्लोसकडून धाकट्या भावाकडे, एलिओकडे. ग्रेसींनी उभ्याने फेकण्यापेक्षा जमिनीवरच्या डावांवर जास्त मेहनत घेतली. आपल्या कुस्तीत पाठ लागली की कुस्ती संपली. यांच्या खेळात पाठ लागली की खेळ सुरू होतो. बाईवर हल्ला झाला तर ती बहुधा खालीच असते, म्हणून हा फरक आमच्या दृष्टीने मोठा आहे.

बल्ली कुठली काढायची

पोटावर बसलेला माणूस कशावर टेकलेला असतो ते पाहा. दोन गुडघे, दोन पावले, आणि तोल जाऊ लागला की टेकायला दोन हात. हा झाला त्याचा पाया. त्याच्या अंगाचा सगळा भार जणू एका बिंदूतून खाली ओढला जातो, तो गुरुत्वमध्य. त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा पायाच्या आत पडतो तोवर माणूस बसलेला राहतो. बाहेर गेला की पडतो. तीनचाकी रिक्षा वळणावर चारचाकीपेक्षा लवकर का उलटते? तिचा पाया त्रिकोणी असतो. पुढच्या कोपऱ्याला जागा अरुंद, ओळंबा चटकन बाहेर जातो.

मावशींनी शेजारणीचा उजवा हात आपल्या छातीशी आवळून धरला आणि तिच्या उजव्या पावलाला आपल्या पायाने अडवले. आता त्या बाजूला टेकायला काही उरले नाही. मग कंबर उचलली, पण सरळ वर नव्हे, त्या अडवलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरकी. सरळ वर उचलली असती तर शेजारीण फक्त उंच झाली असती आणि परत तिथेच बसली असती. उलट्या बाजूला ढकलले असते तर तिचा मोकळा हात टेकला असता. दिशा चुकली की सगळे बळ वाया जाते.

बळ कुठून आले तेही बघण्यासारखे आहे. हाताने रेटा देताना दंड आणि छातीचे स्नायू लागतात, बायकांचे ते पुरुषांपेक्षा बरेच कमी ताकदीचे असतात. कंबर उचलताना मांड्या आणि नितंब लागतात. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू तेच. रोज हंडे वाहणाऱ्या, उकिडवे बसून धुणी-भांडी करणाऱ्या बाईच्या मांड्यांत भरपूर ताकद असते. तिला कोणी कधी सांगितलेले नसते की ती ताकद इथेही चालते. फक्त टाचा कुल्ल्यांजवळ घ्यायच्या. टाचा लांब ठेवल्या तर पायांचा रेटा जमिनीवर तिरपा पडतो आणि कंबर वीतभरही उचलत नाही. हे घरी रिकाम्या चटईवर एकट्याने करून पाहता येते. आधी पाय लांब ठेवून कंबर उचला, मग जवळ घेऊन. फरक लगेच कळतो.

टेकू आणि रेटा

दुसरी गोष्ट शिकताना मावशी सरांच्याही पुढे होत्या. वरचा माणूस छातीवर छाती टाकून दाबत असेल तर सरळ हातांनी त्याला धरून ठेवायचे नाही. स्नायू मिनिटभरात थकतात, हाड थकत नाही. कोपर जमिनीला किंवा आपल्याच बरगडीला टेकवायचे आणि हाताची नळी त्याच्या गळ्याखाली किंवा कमरेच्या हाडाला लावायची. मग त्याचा भार हाडातून खाली जमिनीत उतरतो. सेंट्रिंगची बल्ली ओळंब्यात उभी असली तर टनावारी स्लॅब पेलते, तिरकी झाली की घसरते. हाताच्या टेकूचेही तसेच. कोपर बाहेर फाकले की संपले.

टेकू लावला की वरच्याला ढकलायचे नाही. आपण सरकायचे. हे सुरुवातीला कोणाच्याच पचनी पडत नाही. पण हिशोब साधा आहे. खाली पडलेल्या माणसाच्या पाठीवर त्याचे स्वतःचे वजन अधिक वरच्याचे वजन असते, आणि जमिनीशी होणारे घर्षण त्या एकूण वजनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून नुसती धडपड केली तर तसूभर सरकता येत नाही. घरातले लोखंडी कपाट हलवताना आपण काय करतो? एकजण कडेने जरासे उचलतो, त्याच क्षणी दुसरा खाली गोणपाट सारतो. इथेही आधी कंबरेने एक झटका द्यायचा. वरचा क्षणभर हलका होतो. त्या क्षणात कुशीवर वळून ढुंगण मागे सारायचे आणि गुडघा मधे घालायचा. कोळंबीसारखे अंग आखडते, म्हणून तिकडे या हालचालीला कोळंबीच म्हणतात. आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटे सगळे जण सभागृहाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोळंबी करत जातात. पोट धरून हसू येते आणि घामही निघतो.

वरच्या माणसाचेही शास्त्र आहे. ते खालच्याला माहीत हवे, म्हणजे घाबरगुंडी उडत नाही. तोच भार थोड्या जागेवर आला की दाब वाढतो. विळीचे पाते कापते आणि पाट कापत नाही, ते यामुळेच. ६० किलोचा माणूस तुमच्या अंगावर ६०० चौरस सेंटिमीटरवर पसरून झोपला तर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम भार येतो. त्याने त्यातला निम्मा भार २० चौरस सेंटिमीटरच्या गुडघ्यावर घेऊन तो पोटावर रोवला, तर तिथे दीड किलो. म्हणजे पंधरा पट. माणूस तोच, वजन तेच. अशा वेळी श्वास कोंडतो आणि वाटते, आता मरतो. कुशीवर वळले की फासळ्यांना हलायला जागा मिळते, श्वास परत येतो. आधी श्वास, मग डाव, असे सर दर वेळी बजावतात.

तरफ, आणि आमची चूक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

चौथ्या रविवारी सरांनी हात सरळ करून कोपर अडकवण्याचा डाव शिकवला. उताणे पडून समोरच्याचा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये धरायचा, दोन्ही पाय त्याच्या छातीवरून आणि मानेवरून टाकून खांदा जागेवर रोखायचा, त्याचे मनगट आपल्या छातीशी घ्यायचे आणि कंबर हलकेच वर उचलायची. त्याचे कोपर आपल्या कमरेवर टेकलेले असते, तो टेकू. मनगटावर आपली ओढ, ते बल. समजा आपण २० किलोची ओढ लावली. मनगट ते कोपर अंतर २५ सेंटिमीटर. वीस गुणिले पंचवीस, ५००. त्याच्या दंडाचा स्नायू हाडाला कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर जोडलेला असतो. ५०० ला चाराने भागा, १२५. म्हणजे आपल्या २० किलोला थोपवायला त्याच्या स्नायूला १२५ किलोची ओढ लावावी लागते. आणि हात सरळ होत गेला की स्नायूची ओढ जवळपास हाडाच्या रेषेतच जाते, म्हणजे हिशोब त्याच्यासाठी आणखी वाईट. तेच आपण मनगट सोडून हाताची नळी मधेच धरली, तर अंतर निम्मे आणि आपल्याला जोर दुप्पट. म्हणून धरायचे ते मनगटच.

सरांनी हे फळ्यावर मांडले, आम्ही वहीत उतरवले. पण याच गणिताची दुसरी बाजू कोणी नीट ऐकली नाही. तरफ आपले बळ वाढवते, तशी इजाही वाढवते. कोपर सरळ होईपर्यंत काहीच दुखत नाही. त्यापुढे बोटभर अंतरात सांध्याचे बंध ताणले जातात, आणखी बोटभर गेले की फाटतात. वेदना सुरू झाल्यावर विचार करायला वेळ नसतो. म्हणून नियम असा आहे की पकड बसली हे कळताच समोरच्याच्या अंगावर किंवा चटईवर दोन-तीन वेळा थाप मारायची, हात अडकले असतील तर तोंडाने ओरडायचे. थाप पडताच समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे.

त्या दिवशी तो हमाल भाऊ एका कॉलेजच्या पोराच्या पकडीत सापडला. पोरगा ५५ किलोचा असेल. भावाने थाप मारली नाही. एवढ्याशा पोरापुढे हार कशी मानायची? आणि आम्ही, भिंतीशी बसून लेखासाठी टिपणे घेणारे, आम्हीही इतरांबरोबर ओरडलो, "सोडवून घे, सोडवून घे!" तो जोर लावत राहिला. पोरगाही नवखा, त्याने कंबर झटक्यात उचलली. आवाज आम्हाला ऐकू आला.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड शाबूत होते, बंध ताणले होते. हात झोळीत, बारा दिवस ओझे बंद. रोजंदारीवरच्या माणसाला बारा दिवस म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सरांनी वर्गाच्या डब्यातले पैसे दिले, आम्हीही दिले. तेवढ्याने भरपाई होत नाही.

घरच्यांनी त्याला पहिल्याच संध्याकाळी मालीश करायला नेण्याची तयारी केली होती. ते आम्ही थांबवले. सांधा मुरगळला किंवा ताणला तर पहिले दोन-तीन दिवस चोळायचे नाही, शेकायचे नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवायचा आणि हात उशीवर उंच ठेवायचा. बोटे बधिर झाली, हात वेडावाकडा दिसला किंवा सांधा अजिबात हलेनासा झाला तर बर्फाच्या नादी न लागता थेट दवाखाना.

हार न मानण्याची किंमत या खेळाच्या घराण्यानेही मोजली आहे. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानावर एलिओ ग्रेसीची गाठ जपानी जुडोपटू मासाहिको किमुराशी पडली. एलिओ ३८ वर्षांचा, किमुरा त्याच्यापेक्षा सुमारे २० किलोने भारी. किमुराने त्याचा हात कोपरात दुमडून पाठीमागे पिळला. ही पण तरफच, फक्त इथे दुमडलेली नळी दांडा होते आणि खांदा फिरतो. एलिओने थाप मारली नाही. हात मोडला तरी मारली नाही. शेवटी थोरल्या भावाने, कार्लोसने, लढत थांबवली. त्या पकडीला आता जगभर किमुरा म्हणतात. एलिओच्या जिद्दीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आमचे मत विचाराल तर आम्ही त्या वेळी कार्लोसच्या बाजूचे. ज्याला सोमवारी पोती उचलायची आहेत त्याने एलिओचा कित्ता गिरवू नये.

या लढतीतून आणखी एक गोष्ट दिसते. एकाच विद्येची दोन माणसे समोरासमोर आली तर वजन बोलते. म्हणूनच स्पर्धांत वजनगट असतात. शास्त्र वजनाला खोटे ठरवत नाही. ज्याला शास्त्र येत नाही अशा जड माणसापुढे हलक्या माणसाला ते संधी देते, एवढेच. १९९४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एलिओचा मुलगा रॉयस डॅन सेव्हर्न नावाच्या कुस्तीगीराशी लढला. रॉयस सुमारे ८० किलोचा, सेव्हर्न ११५ च्या वर. जवळजवळ पंधरा मिनिटे रॉयस त्याच्या खाली पाठीवरच होता. मग पायांचा त्रिकोण करून त्यात त्याची मान आणि एक हात अडकवला आणि सेव्हर्नने थाप मारली. पाय हातांपेक्षा लांब आणि जोरकस, आणि मान कितीही जाड असली तरी ती पायांइतकी नसते.

मानेचे डाव मात्र घरी कोणी करून पाहू नयेत. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. आमच्या वर्गात लहान मुलांना ते शिकवतच नाहीत, मोठ्यांनाही सर समोर असतील तेव्हाच. आणि रस्त्यावर प्रसंग आला तर खाली पडून डाव लावत बसायचे नाही. समोर दोघे असतील, कोणाच्या हातात चाकू असेल, तर कुठलेच शास्त्र पुरे पडत नाही. ओरडा, सुटा, पळा, ११२ ला फोन करा. कंबरेचा झटका आणि कोळंबी शिकायची ती उठून पळता यावे म्हणून.

घरातली तरफ

भावाचा हात झोळीत असताना घरचा सिलिंडर आणि पाणी बहिणीवर आले. तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. तिने आम्हाला विचारले, कोपराचा हिशोब कमरेलाही लागतो का? लागतो. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास. वाकून, हात लांब करून उचलला तर तो मणक्यापासून ४० सेंटिमीटरवर असतो. तीस गुणिले चाळीस, १२००. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे ५ सेंटिमीटरवर. १२०० भागिले ५, म्हणजे २४० किलोची ओढ, आणि ती मणक्याच्या गाद्यांवर दाबली जाते. तोच सिलिंडर गुडघे वाकवून, पोटाजवळ २० सेंटिमीटरवर घेतला तर १२०. निम्मा. शक्य असेल तिथे उचलूच नका, कडेवर कलता करून फिरवत न्या. हंडा डोक्यावर किंवा कमरेशी घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे गणित न मांडता येत होते.

चटई, नखे, गजकर्ण

हा वर्ग आपल्या वस्तीत सुरू करायचा म्हणून काही जणांनी विचारणा केली आहे. त्यांना पहिली सूचना: फरशीवर नको. पडणाऱ्या माणसाला थांबायला जितके जास्त अंतर मिळेल तितका धक्का कमी. फरशीवर अंग एक सेंटिमीटरात थांबत असेल आणि गादीत पाच सेंटिमीटरात, तर धक्का पाचव्या हिश्श्यावर येतो. एकमेकांत अडकणारे जाड फोमचे चौकोन सर्वांत बरे. घरच्या गाद्या मांडल्या तर त्या सरकतात आणि फटीत पाय मुरगळतो, त्या नीट बांधून घ्या. पडताना हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि हात टेकवून अंग सावरायचे नाही. टेकवलेल्या एका मनगटावर सगळा भार येतो आणि ते मोडते. पूर्ण हात तळव्यासकट चटईवर आपटला तर भार वाटला जातो.

दुसरी सूचना जिची चर्चा कमी होते ती: कातडी. अंगाला अंग घासणाऱ्या खेळात गजकर्ण फार लवकर पसरते, आणि दाटीच्या घरांत ते एकाचे पाच जणांना होते. चटई दर वेळी ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने पुसून वाळवायची. नखे कापलेली, अंग धुतलेले, टॉवेल ज्याचा त्याचा. कोणाला गजकर्ण, खरूज, पिकलेले फोड असतील तर बरे होईपर्यंत त्याने कडेला बसून पाहायचे, आणि यात कोणाचा अपमान मानायचा नाही. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने गजकर्ण दबते आणि मग दुप्पट उसळते, ते लावू नका. गरोदरपण, हर्निया, मानेचा त्रास, वाढलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मुलींना धाप लवकर लागत असेल, चक्कर येत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

हे सगळे करायला मोठी व्यायामशाळा लागत नाही. रिओच्या कांतागालो या टेकडीवरच्या वस्तीतून फेर्नांदो तेरेरे हा जिउ-जित्सूचा विश्वविजेता निघाला, आणि पुढे त्याने त्याच वस्तीतल्या मुलांसाठी वर्ग चालवला. त्याच शहरातल्या सिदाजी दे देउस वस्तीची राफाएला सिल्वा जुडोची. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये नियमाबाहेरच्या पकडीमुळे ती बाद झाली, तेव्हा तिच्या कातडीच्या रंगावरून लोकांनी तिला घाणेरड्या शिव्या दिल्या. २०१६ ला तिच्याच शहरात ५७ किलो गटाचे सुवर्णपदक तिने घेतले.

झोळी निघाल्यावरही तो भाऊ आणखी दोन रविवार नुसता बसून पाहत होता. मावशी त्याला म्हणाल्या, "काय रे, भ्यालास का?" तो काही बोलला नाही. तिसऱ्या रविवारी उतरला. समोर तोच कॉलेजचा पोरगा. पोराने मनगट धरले, पाय टाकले, आणि कोपर अजून वाकलेलेच होते तेवढ्यात भावाने चटईवर दोनदा थाप मारली. पोराने लगेच सोडले. दोघे उठून बसले आणि पोराने विचारले, "इतक्या लवकर?" भाऊ म्हणाला, "मनगट गेलं तिथंच हिशोब झाला. चल, पुन्हा."